साठीनंतर ताकद मोजायची आणि वाढवायची कशी: सोलापूरच्या घरात बारा आठवडे

वार्धक्यावरच्या संशोधनात आज जनुकं, पेशी, गोळ्या असं बरंच काही चालू आहे. त्यातून साठीपुढच्या माणसाच्या हाती लगेच पडणारी गोष्ट मात्र साधी आहे. जन्मतारखेपेक्षा शरीराला काय जमतं त्यावरून पुढचा अंदाज बरा येतो, आणि जे जमत नाही ते बऱ्याच अंशी परत मिळवता येतं. २०११ मध्ये नऊ अभ्यासांतल्या ६५ वर्षांपुढच्या ३४,४८५ लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. ज्यांचा नेहमीचा चालण्याचा वेग जास्त, ते पुढे जास्त वर्षं जगले होते. २०१५ मध्ये भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या हाताची पकड मोजून झाली. पकड ५ किलोने कमी असली की मृत्यूची शक्यता सुमारे १६ टक्क्यांनी जास्त निघाली.

याचा अर्थ रबरी चेंडू दाबत बसल्याने आयुष्य वाढेल असा नाही. पकड म्हणजे पूर्ण शरीरातल्या स्नायूंची खूण आहे. सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त झिजतात ते मांड्यांचे स्नायू, म्हणून मेहनत तिथे घ्यायची. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात सरासरी ९० वर्षं वयाच्या दहा जणांना आठ आठवडे मांड्यांचा वजनाचा व्यायाम दिला होता. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. त्यामुळे ‘आता या वयात काय होणार’ हे वाक्य बाजूला ठेवून सुरुवात करा.

मोजमाप: एक सकाळ पुरते

हात नसलेली पक्की खुर्ची, मोबाइलमधलं स्टॉपवॉच, शिंप्याचा टेप, खडू आणि एक वही एवढं सामान लागतं. खुर्चीची बसायची उंची जमिनीपासून ४३ सेंटीमीटर, म्हणजे १७ इंचांच्या आसपास हवी. प्लास्टिकची खुर्ची टाळा. शहाबादी फरशीवर ती मागे सरकते आणि जोर आला की पाय फाकतात. लाकडी किंवा लोखंडी खुर्ची घेऊन तिची पाठ भिंतीला टेकवा. मोजणारा माणूस शेजारी, हात पोचेल इतक्या अंतरावर उभा राहील.

छातीत दुखतं, बसल्या जागी धाप लागते, गेल्या काही आठवड्यांत ऑपरेशन किंवा फ्रॅक्चर झालं आहे, रक्तदाब १८०/११० किंवा त्यावर आहे, किंवा मधुमेहात पायाची जखम भरलेली नाही, अशा माणसाची चाचणी घेऊ नका. आधी डॉक्टर.

पहिली चाचणी खुर्चीची. खुर्चीच्या मध्यावर बसायचं, पावलं सपाट, हात छातीवर फुलीसारखे. ‘सुरू’ म्हटल्यावर पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं, असं ३० सेकंद. पाचव्यांदा पूर्ण उभं राहिल्यावर घड्याळात किती सेकंद झाले ते मोठ्याने सांगा आणि न थांबता ३० सेकंद पुरे करा, म्हणजे एका चाचणीत दोन आकडे मिळतात. पाच वेळा उठायला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची ताकद कमी धरायची. ही मर्यादा आशियाई लोकांसाठी २०१९ मध्ये ठरवलेली आहे. ३० सेकंदांतल्या उठण्याच्या मर्यादा अमेरिकेतल्या आहेत, पण अंदाजाला पुरतात. ६० ते ६४ वयात पुरुष १४ पेक्षा आणि बायका १२ पेक्षा कमी, ६५ ते ६९ मध्ये १२ आणि ११ पेक्षा कमी, ७० ते ७४ मध्ये १२ आणि १० पेक्षा कमी, ७५ ते ७९ मध्ये ११ आणि १० पेक्षा कमी, ८० ते ८४ मध्ये १० आणि ९ पेक्षा कमी असेल तर पडण्याचा धोका वाढलेला असतो. हात एकदाही टेकला तर आकडा शून्य लिहायचा. इथे घरचे लोक मायेपोटी सूट देतात, आणि मग सहा आठवड्यांनी झालेली प्रगती दिसतच नाही. अर्धवट उठलेलं मोजू नका. फक्त वेळ संपताना अर्ध्याहून जास्त उठलेलं असेल तर ते एक धरा.

दुसरी चाचणी चालण्याची. व्हरांड्यात किंवा गच्चीवर खडूने दोन रेघा मारा, मध्ये बरोबर ४ मीटर, म्हणजे १३ फूट दीड इंच. पहिल्या रेघेच्या एक मीटर आधीपासून चालायला लावा आणि दुसऱ्या रेघेच्या एक मीटर पुढे थांबवा, नाहीतर सुरुवातीचा आणि थांबतानाचा मंद वेग आकड्यात मिसळतो. ‘भाजी आणायला जाता तसं चाला’ एवढंच सांगा. कोणी बघतंय म्हटलं की माणूस झपाझप चालतो, म्हणून दोनदा मोजून सरासरी घ्या. ४ मीटरला ४ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर वेग सेकंदाला १ मीटरच्या खाली आहे, म्हणजे लक्ष द्यायला हवं.

तिसरी एका पायावरची. खोलीच्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना भिंत असेल तिथे, अनवाणी उभं राहायचं. उचललेलं पाऊल दुसऱ्या पायाच्या पोटरीमागे, हात खाली, नजर समोर. १० सेकंद, तीन प्रयत्नांची मुभा. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ लोकांची ही चाचणी झाली होती. ज्यांना १० सेकंद जमले नाहीत, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त होतं.

पोटरीचा घेर बसून, पावलं जमिनीवर ठेवून, सगळ्यात जाड जागी मोजा. पुरुषांत ३४ आणि बायकांत ३३ सेंटीमीटरच्या खाली असेल तर स्नायू कमी झाल्याची शंका घ्या. पायाला सूज असेल तर हा आकडा फसवतो. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिन गोळीने घोट्याला सूज येणं नेहमीचं आहे. बोट दाबून खड्डा पडत असेल तर हे माप सोडून द्या. पकड मोजायचं यंत्र फिजिओथेरपिस्टकडे असतं. पुरुषांत २८ किलो आणि बायकांत १८ किलोच्या खाली म्हणजे कमी. यंत्र नसेल तर अंदाज लिहू नका, रकाना मोकळा ठेवा.

ज्यांची उमेदीची वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात गेली त्यांचे कानही याच वेळी तपासा. हाताच्या अंतरावर, साधारण ६० सेंटीमीटर, मागे उभं राहा. त्यांचा एक कान बोटाने हळू चोळत बंद ठेवा. पूर्ण श्वास सोडून मग कुजबुजत तीन आकडे-अक्षरं म्हणा, जसं ‘चार, क, दोन’. चुकलं तर दुसरी तीन म्हणा. सहापैकी तीन तरी बरोबर यायला हवीत. कमी ऐकू येणं हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत मोडतं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये अशी १४ कारणं मांडली, त्यात हे आहे. कानाचं यंत्र लावायला लाज वाटते म्हणून वर्षं घालवू नयेत.

रक्तदाब नीट मोजला नाही तर बाकी सगळं व्यर्थ

घरातल्या यंत्रावर चुकीचे आकडे येण्याची कारणं ठरलेली आहेत. पट्टा लहान असला तर रक्तदाब खोटा जास्त दिसतो, सैल बाहीवर बांधला तरी चुकतो. लघवी तुंबलेली असली, बोलत बसलं, पाय लोंबकळत ठेवले, हात हवेत धरला, की आकडा वर जातो. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, बिडी नको, तंबाखू नको आणि मिश्रीही नको. मिश्री भाजलेल्या तंबाखूचीच असते आणि हिरडीवाटे निकोटीन रक्तात जातं. सकाळी दात घासताना मिश्री लावून लगेच रक्तदाब मोजणाऱ्या आजीचा आकडा रोज जास्तच येणार, आणि गोळी विनाकारण वाढणार.

पाच मिनिटं पाठ टेकून बसा, दंड हृदयाच्या पातळीवर टेबलावर ठेवा, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे टाकून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्यावर असेल तर डॉक्टरांना वही दाखवा. २०१५ मध्ये संपलेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत ९,३६१ लोक होते. वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवायचा प्रयत्न झाला त्या गटात मृत्यूचं प्रमाण २७ टक्क्यांनी कमी राहिलं. त्यात मधुमेही नव्हते, आणि मोजमाप शांत बसवून यंत्राने केलेलं होतं. म्हणून हा आकडा ऐकून स्वतःच गोळी वाढवू नका.

आणखी एक मोजमाप बहुतेक घरांत राहून जातं. पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब घ्या, मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडला तर उठताना चक्कर येऊन पडण्याची भीती असते. हे समजलं की गोळीची वेळ किंवा मात्रा बदलता येते, आणि व्यायाम बसून सुरू करायचा की उभ्याने तेही ठरतं.

बारा आठवड्यांचा व्यायाम

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. सोमवार, बुधवार, शुक्रवार धरले आणि सोमवारी उपवास असेल तर मंगळवार, गुरुवार, शनिवार धरा. जड व्यायाम आणि रिकामं पोट एकत्र नको. मधुमेहात ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर हे फार महत्त्वाचं आहे. व्यायामाच्या जागी साखर हाताशी ठेवा. घाम, थरथर, घाबरं वाटणं जाणवलं तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि १५ मिनिटांनी शुगर तपासा.

पाच मिनिटं घरातल्या घरात चालून अंग गरम करा आणि मग हे पाच प्रकार.

खुर्चीतून उठणं हा मुख्य. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, छाती पुढे, उठताना श्वास सोडायचा. मनात ‘एक’ म्हणत उठायचं आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणत बसायचं. धपकन बसणं म्हणजे अर्धा व्यायाम वाया, कारण स्नायू उतरताना जास्त घडतो. हात न टेकता एकदाही उठता येत नसेल तर सोलापुरी चादर घट्ट घडी करून आसनावर ठेवा, तीन-चार इंच उंची मिळते. चादरीची बाहेरची घडी खुर्चीच्या पाठीकडे सरकत नाही ना ते पाहा. दर आठवड्याला एकेक घडी कमी करत जायचं.

टाचा उचलणं भिंतीला हात लावून करा. वर दोन सेकंद थांबा, सावकाश खाली या. भिंतीवर दंड काढा, भिंतीपासून दोन फुटांवर उभं राहून. चौथा प्रकार ओढण्याचा. एक हात टेबलावर टेकून, पुढे वाकून, दुसऱ्या हातातली पिशवी कोपर मागे नेत कमरेपर्यंत उचलायची. पिशवीत सुरुवातीला पाण्याची एक लिटरची बाटली, म्हणजे एक किलो. पाचवा पकडीचा. सोलापुरी टॉवेल ओला करून दोन्ही बाजूंना पिळायचा, शेवटच्या पिळाला पाच सेकंद धरून ठेवायचं. जाड टेरी टॉवेलला बराच जोर लागतो, पातळ पंचाने हे होणार नाही.

पहिले तीन आठवडे प्रत्येक प्रकार ८ ते १० वेळा, असे दोन फेरे, मध्ये मिनिट-दीड मिनिट विश्रांती. चौथ्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत तीन फेरे करा आणि वजन घाला. खुर्चीतून उठताना दोन किलो ज्वारीची पिशवी छातीशी धरा. तीन फेऱ्यांत १२ वेळा सहज जमू लागलं की एक किलो वाढवा. किती जोर लावायचा याची खूण सोपी आहे: फेरा संपला तेव्हा आणखी दोनदाच जमलं असतं असं वाटायला हवं. पंधरा वेळा आणखी जमलं असतं तर वजन फार कमी आहे. घरगुती व्यायामाने फरक पडत नाही अशी तक्रार येते, तिथे बहुतेक वेळा हीच चूक असते. तीन महिने तेच वजन, तेवढ्याच वेळा.

नवव्या आठवड्यापासून उठण्याचा वेग वाढवा. वजन थोडं कमी करून झटकन उभं राहायचं, बसायचं मात्र सावकाश. वय वाढतं तसे झटपट काम करणारे स्नायूतंतू आधी जातात, आणि ठेच लागल्यावर तोल सावरतात ते हेच तंतू. सोबत एका पायरीवर चढणं-उतरणं घाला, प्रत्येक पायाने ८ वेळा, कठड्याला एक हात. एका पायावर उभं राहण्याचा सराव रोज, दात घासताना, बेसिन धरून.

गुडघा दुखला तर लगेच सोडून देऊ नका. दुखणं दहापैकी तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी ओसरत असेल तर चालेल. आसनाची उंची वाढवा, वजन उतरवा, गुडघे आत झुकतात का ते समोरून बघा. गुडघ्याला सूज आली, रात्री झोपमोड झाली, गुडघा अडकला, तर थांबा आणि दाखवा. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, एकदम अंधारी आली तर व्यायाम तिथेच बंद करून थेट दवाखाना. श्वास रोखून जोर करण्याची सवय अनेक जुन्या कष्टकरी माणसांना असते. पोतं उचलताना ती लागलेली असते. त्यामुळे रक्तदाब क्षणात खूप चढतो, म्हणून त्यांना मोठ्याने आकडे मोजायला लावा. बोलत राहिलं की श्वास रोखला जात नाही.

बिडी वळणाऱ्या बायकांचं वेगळं. तासन्‌तास मांडी घालून, पुढे वाकून बसल्याने त्यांची कंबर आणि मान आखडलेली असते, पण जमिनीवरून उठायची सवय असल्याने मांड्या पुष्कळदा चांगल्या निघतात. त्यांनी ओढण्याच्या प्रकाराचे फेरे वाढवावेत, आणि कामात दर अर्ध्या तासाने उठून दहा वेळा टाचा उचलाव्यात.

चालणं

दहा हजार पावलांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. २०२२ मध्ये पंधरा अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा साठीपुढच्या लोकांत फायदा ६,००० ते ८,००० पावलांवर स्थिरावलेला दिसला. आज तीन हजार होत असतील तर दर आठवड्याला पाचशे वाढवा. किल्ल्याची बाग, होम मैदान, कंबर तलावाचा काठ, जिथे पायाखाली सपाट असेल तिथे. चालण्याने हृदयाचं भलं होतं, मांड्यांची ताकद मात्र फारशी वाढत नाही. पंढरीची वारी वर्षानुवर्षं चालणाऱ्या माणसालाही सत्तरीत खुर्चीतून उठताना हात टेकावा लागू शकतो. चालणं वजनाच्या व्यायामाची जागा घेत नाही.

ताटात काय कमी पडतं

स्नायू बांधायला प्रथिनं लागतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) प्रौढांसाठीची शिफारस वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम आहे. वृद्धांसाठी तज्ज्ञांचा गट १ ते १.२ ग्रॅम सांगतो. ५५ किलोच्या माणसाला हे ५५ ते ६६ ग्रॅम झालं. आता आपलं नेहमीचं ताट मोजू. ज्वारीच्या तीन भाकरी, प्रत्येकी ५० ते ६० ग्रॅम पिठाच्या: १६ ग्रॅम. तूरडाळ ३० ग्रॅम: साडेसहा. भात ५० ग्रॅम तांदळाचा: ४. शेंगा चटणी १५ ग्रॅम: साडेतीन. चहातलं दूध १०० मिली: ३. भाजी: २. एकूण ३५. म्हणजे २० ते ३० ग्रॅम कमी.

ही तूट ४० ग्रॅम मटकीची उसळ (८ ते ९ ग्रॅम), दोनशे ग्रॅम दही (६) आणि दोन अंडी (१२) यांनी भरते. अंडं चालत नसेल तर २५ ग्रॅम सोया वड्या, त्यात १३ ग्रॅम येतात. यातलं निम्मं सकाळी द्या. साठीपुढच्या घरांतला सकाळचा नाश्ता म्हणजे चहा आणि खारी, त्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, आणि म्हाताऱ्या स्नायूला एका वेळी २५-३० ग्रॅम मिळालं तरच तो नीट प्रतिसाद देतो. दात पडल्यामुळे कडक भाकरी सोडली आणि तिच्याबरोबर उसळही सोडली, असं होतं. भाकरी आमटीत कुस्करा, उसळ ठेचून द्या, आणि कवळीचं काम लांबवू नका. उपवासाचा साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट आहे. एकादशीला शेंगदाणे, दूध, दही वाढवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी क्रिएटिनिन तपासून डॉक्टरांना विचारा, ही अट टाळू नका.

मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, सगळं मिळून. लोणचं, पापड, चटणी यांतलंही त्यातच. शेंगा चटणी घरी कुटताना मीठ निम्मं करा, लसूण आणि तिखट वाढवा. खवट किंवा काळपट शेंगदाणा एकही घालू नका, बुरशीचं अफ्लाटॉक्सिन यकृताला बाधतं आणि भाजल्याने पुरतं जात नाही.

गोळ्यांबद्दल

रॅपामायसिन १९६४ मध्ये ईस्टर बेटावरून आणलेल्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. त्यावर आयुष्य खर्ची घालणारे सुरेंद्रनाथ सेहगल मूळचे भारतीय. २००९ मध्ये ६०० दिवसांच्या, म्हणजे आपल्या साठीच्या जवळपासच्या उंदरांना ते दिलं तेव्हा आयुर्मान नरांत ९ आणि माद्यांत १४ टक्के वाढलं. माणसात ते मूत्रपिंड बदललेल्यांना प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी देतात. तोंडात फोड, वाढलेली चरबी आणि साखर, जंतुसंसर्ग हे त्याचे परिणाम. माणसाचं आयुष्य त्याने वाढतं हे अजून कोणी दाखवलेलं नाही, त्यामुळे ऑनलाइन मागवू नका.

मेटफॉर्मिन मधुमेहासाठी उत्तम आहे आणि चालू असेल तर बंद करायचं नाही. पण मधुमेह नसताना ‘वय थांबवायला’ घेतलं तर? २०१९ मध्ये ६५ वर्षांपुढच्या लोकांनी वजनाचा व्यायाम केला तेव्हा मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे स्नायू कमी वाढले. जे नको तेच झालं. शिवाय दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ कमी होतं. शाकाहारी मधुमेह्याने ते वर्षातून एकदा तपासावं, हातापायाला मुंग्या येत असतील तर लगेच.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी महिनोन्‌महिने घेत राहण्याची चाल पडली आहे. सत्तरीपुढच्या २०० लोकांवरच्या स्वित्झर्लंडमधल्या चाचणीत महिन्याला ६०,००० युनिट देऊन पायांची ताकद वाढली नाही, उलट पडण्याचं प्रमाण जास्त निघालं. कमतरता असेल तर डॉक्टर सांगतील तेवढे आठवडे घ्या आणि थांबा.

आणि डाळिंब. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र असलेल्या शहरात हा प्रश्न येणारच. डाळिंबातल्या द्रव्यांपासून आतड्यातले जिवाणू युरोलिथिन ए बनवतात. २०१६ मध्ये त्याने प्रयोगशाळेतल्या कृमींचं आयुष्य सुमारे ४५ टक्के वाढलं. २०२२ मध्ये ६५ ते ९० वयाच्या लोकांना रोज १,००० मिलिग्रॅम चार महिने दिलं. स्नायूंचा टिकाव थोडा सुधारला, पण सहा मिनिटांत चालायचं अंतर बिनऔषधाच्या गटापेक्षा विशेष वाढलं नाही. हे रूपांतर करणारे जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतातही. डाळिंब खा, दाणे खा, ते चांगलं फळ आहे. स्नायूंसाठी खुर्चीतून उठणंच करा.

बिडी, तंबाखू, मिश्री सोडण्याचा फायदा मात्र कुठल्याही गोळीपेक्षा पक्का. ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या पाहणीत धूम्रपान साठीत सोडणाऱ्यांचंही आयुष्य सरासरी तीन वर्षांनी वाढलेलं दिसलं, पन्नाशीत सोडणाऱ्यांचं सहा.

कधी सुरू करायचं, पुन्हा कधी मोजायचं

सोलापुरात सगळ्यात सोयीचा काळ दिवाळीनंतरचा. सहाव्या आठवड्यात एकदा मोजा आणि बाराव्यात पुन्हा. खुर्ची तीच, वेळ तीच, मोजणारा माणूसही तोच. उठण्याचा आकडा एकाने वाढला तर तो मोजण्यातला फरक असू शकतो, तीनने वाढला तर ती कमाई. चालण्याचा वेग सेकंदाला ०.१ मीटरने वाढणं हा खरा फरक आहे, म्हणजे ४ मीटरला ५ सेकंद लागत होते तिथे साडेचार. काहीच वाढलं नाही तर आधी वहीत वजन वाढल्याची नोंद आहे का बघा, मग प्रथिनांचा हिशेब, आणि दोन्ही नीट असतील तर हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ तपासा. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, भरली की होम मैदानावर चालायला जागा राहत नाही, तेवढे दिवस जागा बदला, चालणं बंद करू नका.

बारा आठवड्यांनंतर आठवड्यातून दोनदा, त्याच वजनाने, एवढं केलं तरी कमावलेलं बरंचसं टिकतं. पूर्ण सोडलं तर काही महिन्यांत उतरतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो तेव्हा व्यायाम सकाळी सातच्या आत, घरात, पंख्याखाली. वय झालं की तहान उशिरा लागते, म्हणून तहानेची वाट न बघता व्यायामाआधी एक पेला आणि नंतर एक पेला पाणी. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर तेवढंच. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवायची, अर्धी पुडी पेल्यात नाही, आणि रक्तदाबाच्या माणसाने ती जुलाब किंवा उष्माघाताच्या त्रासाशिवाय रोजचं सरबत म्हणून पिऊ नये. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर मार्चअखेर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. झोपून आणि उभ्याने घेतलेल्या रक्तदाबाचे आकडे दाखवा आणि उन्हाळ्यात मात्रा तीच ठेवायची का ते विचारा.